एकनळी बंदूक

आमच्या घरात बंदूक होती, पण ती आमची आहे असं आम्हा भावंडांना कधी वाटलं नाही. ती अण्णांची होती. फौजेतून आल्यावर त्यांना बँकेत बंदूकधारी रखवालदाराची नोकरी लागली आणि नोकरीसाठी त्यांनी स्वतःच्या लायसनवर एक बारा बोअरची दुनळी घेतली. सकाळी ती अण्णांच्या खांद्यावरून, सायकलवर बँकेत जायची आणि संध्याकाळी परत यायची. रविवारी अण्णा अंगणात पोतं अंथरून तिच्या नळ्या गजाने आणि चिंधीने साफ करायचे, तेव्हा सगळ्या घराला तेलाचा वास यायचा. आई त्या वासात भाकरी थापायची नाही, आधी खिडक्या उघडायची. संदीपला, म्हणजे माझ्या धाकट्या भावाला, गज धरायची परवानगी होती. मला नव्हती. मी विचारलं की अण्णा म्हणायचे, "तू अभ्यास कर. तुला काय करायचंय ह्यात?" निवडणुका आल्या की ती बंदूक पोलीस ठाण्यात जमा करावी लागायची आणि तेवढे दिवस अण्णा बँकेच्या दारात नुसती काठी घेऊन बसायचे. त्या दिवसांत ते जेवायचेही कमी.

हे सगळं सांगायचं कारण असं की सातारा सोडून, डॉक्टर होऊन, आयर्लंडच्या पार वायव्य टोकाला लेटरकेनीच्या हॉस्पिटलमध्ये नोकरीला लागल्यावर माझ्या आयुष्यात जी पहिली मोठी वस्तू मी स्वतःच्या मर्जीने निवडली ती बंदूक होती. माझी नात मला विचारते, "आजी, वेअर यू एनी गुड?" म्हणजे तुझा नेम लागायचा का. मी म्हणते, बरी होते. तिला मराठी समजतं, पण उत्तर ती तिच्या इंग्लिशमध्येच देते. त्या वर्षाची आठवण मात्र मला इंग्लिशमध्ये सांगता येत नाही.

कोविडचं पहिलं वर्ष होतं ते. माझ्या घरात माझ्याबरोबर राहणारी मल्याळी मुलगी मार्चमध्ये शेवटच्या विमानांपैकी एकाने घरी गेली आणि परत आलीच नाही. तिची कपडे वाळवायची दोरी, अर्धी भरलेली तांदळाची बरणी आणि तिच्या खोलीचं बंद दार एवढं मागे राहिलं. वॉर्डात मी दिवसभर बोलायचे, पण मास्कच्या आतून आणि तेही ऑक्सिजन, ताप, रक्ताचे रिपोर्ट एवढंच. घरी आल्यावर गरम पाण्याच्या टाकीचा घुरघुराट, खिडकीवरचा पाऊस आणि शेजारच्या घरातल्या टीव्हीचं न कळणारं बोलणं. आईने पाठवलेलं ज्वारीचं पीठ जपून वापरायचे. एका माणसासाठी एकच भाकरी करायची म्हणजे तवा तापेपर्यंतच कंटाळा येतो हे मला तिथे कळलं. कधी मी दोन करायचे आणि दुसरी तशीच टाकायचे. कांदा-लसूण मसाल्याची पिशवी मी स्वयंपाकघरातल्या कपाटात, म्हणजे तिकडच्या भाषेत प्रेसमध्ये, ठेवली होती. ती संपत आली तशी मी भाजीत न घालता नुसती उघडून वास घ्यायला लागले.

ग्रॉन्या आमच्या वॉर्डची मुख्य नर्स. उंच, हाडापेराने मजबूत, सदा घाईत असलेली बाई. माझ्याहून पंधराएक वर्षांनी मोठी असेल. उन्हाळ्यात निर्बंध जरा सैल झाले तेव्हा एका शुक्रवारी तिने मला हात धुताना गाठलं. "उद्या काय करतेस?"

"काही नाही."

"मागच्या शनिवारी?"

"काही नाही."

"मग उद्या माझ्याबरोबर येतेस. मोकळ्या हवेत आहे, नियमात बसतं. आवाज मोठा होतो, पण तुझ्यासाठी ते बरंच आहे. तुझा चेहरा बघवत नाही मला."

डोंगराच्या उतारावर, दलदलीच्या कडेला एक कुंपण घातलेलं माळरान होतं. एक पत्र्याची शेड, चारपाच गाड्या, आणि एकमेकांपासून लांब लांब उभी असलेली दहाबारा माणसं. एका यंत्रातून नारिंगी रंगाची, बशीएवढी मातीची तबकडी सण्णकन आकाशात जायची आणि बंदुकीच्या छर्‍यांनी ती फोडायची, एवढाच खेळ. ग्रॉन्या लहानपणापासून खेळत होती. तिने आपली बंदूक माझ्या खांद्याला लावली, माझी कोपरं हलवली, आणि म्हणाली, "तयार झालीस की 'पुल' म्हण, की तबकडी सुटते."

मी पुल म्हटलं. त्यानंतर काय झालं ते मला नीट कळलंच नाही. खांद्याला धक्का बसला, कानावर आवरणं असूनही आवाज पोटातून गेला आणि तबकडी सुखरूप जाऊन गवतात पडली. पुढच्याही तशाच गेल्या. मग एक फुटली. नारिंगी धुरळा झाला आणि वार्‍याने एका बाजूला गेला. मी ओरडले, "फुटली!" मराठीत. मागची माणसं हसली. "फुटली" म्हणजे काय ते त्यांना सांगावं लागलं नाही. परत येताना गाडीत मी एकसारखी बोलत होते. ग्रॉन्या ऐकत होती आणि मधूनमधून "ग्रँड, ग्रँड" म्हणत होती. घरी आल्यावर माझ्या लक्षात आलं की मार्चपासून मी इतकं सलग कुणाशी बोलले नव्हते.

तिकडे आधी बंदूक निवडायची, मग तिच्या नंबरासह लायसनचा अर्ज करायचा, आणि लायसन येईपर्यंत बंदूक दुकानातच राहायची. आम्ही ज्या दुकानात गेलो ते ग्रॉन्याच्या ओळखीचं, एका शेतघराच्या मागे होतं. भिंतीला ओळीने बंदुका. जवळजवळ सगळ्या वरखाली दोन नळ्यांच्या, अक्रोडाच्या लाकडाचे गुळगुळीत दस्ते, बाजूला कोरलेले पक्षी. तबकड्या फोडणारे लोक त्याच वापरतात. दुकानदाराने एक एक काढून माझ्या हातात दिली. प्रत्येक वेळी तेच. दस्ता लांब पडायचा, नळीचं तोंड खाली झुकायचं आणि माझी मान पुढे ताणली जायची. मी पाच फूट एक इंच. ग्रॉन्या म्हणाली, दस्ता कापून लहान करता येतो. मी मान हलवली, पण माझं मन त्यात नव्हतं. त्या बंदुका उघडल्या की मधोमध मोडल्यासारख्या दुमडायच्या, आत काडतुसांसाठी दोन गोल भोकं दिसायची, आणि मला अंगणातलं पोतं दिसायचं. मी त्या हातात धरल्या की गज धरायची परवानगी मागणारी मुलगी व्हायचे.

कोपर्‍यात एक काळी बंदूक टेकून ठेवली होती. प्लास्टिकचा आखूड दस्ता, एकच नळी, नळीखाली पुढेमागे सरकणारी एक मूठ.

"ती?" मी विचारलं.

"ती पंप-अ‍ॅक्शन," दुकानदार म्हणाला. "एका पोराची होती. पोरगा उंच झाला. बदकांना ठीक आहे. नाहीतर सिनेमे फार बघणार्‍यांना."

"तबकड्यांना नको," ग्रॉन्या म्हणाली. "पहिली मारल्यावर हाताने मूठ मागे ओढायची, पुढे ढकलायची, तोवर दुसरी तबकडी गेलेली असते. लोक हसतील तुला."

मी ती उचलली. खांद्याला लावली. मान जिथे होती तिथेच राहिली. गाल आपोआप दस्त्यावर टेकला आणि नळी मला जिथे बघायचं होतं तिकडे बघत होती. मी मूठ मागे ओढली, पुढे ढकलली. खर्रर्र, खट. रिकामी होती, पण तिने काहीतरी उत्तर दिल्यासारखं वाटलं.

"हीच," मी म्हटलं. ग्रॉन्याने कपाळाला हात लावला, पण दुकानदाराने मुकाट्याने बंदुकीला माझ्या नावाची चिठ्ठी बांधली.

अण्णांना मी हे व्हिडिओ कॉलवर सांगितलं. त्यांना वाटलं मी थट्टा करतेय. मग मी दुकानात काढलेला फोटो दाखवला. फोन डोळ्यांजवळ नेऊन त्यांनी तो बराच वेळ पाहिला. पडद्यावर मला नुसतं त्यांचं कपाळ दिसत होतं.

"एकच नळी?"

"हो."

"दुसरी कुठाय?"

"नसते अण्णा, ही पंपची आहे."

"एकनळी," ते आईला म्हणाले. "पोरगी शिकून डॉक्टर झाली आणि एकनळी घेतली." मग माझ्याकडे वळून, "आणि कशाला गं? तिकडं चोर आहेत का?"

"चोर नाहीत. खेळायला."

"बंदूक खेळायची वस्तू नाही," ते म्हणाले. फोन आईकडे गेला. आईने भाकरीचं पीठ किती उरलंय ते विचारलं. मला वाटलं विषय संपला. पण दुसर्‍या दिवशी अण्णांचा स्वतःहून फोन आला, जो ते कधीच करत नसत. "दस्ता लाकडाचा नाही ना? मग थंडीत गालाला लागंल. फडकं बांध."

लायसनसाठी गार्डा, म्हणजे तिथला पोलीस, घरी येऊन बंदूक ठेवायचं लोखंडी कपाट पाहून गेला. माझ्या निजायच्या खोलीच्या भिंतीत ते बोल्टांनी घट्ट बसवलेलं होतं. एकट्या राहणार्‍या माणसाच्या घरी बंदूक, म्हणून त्याने मला बरंच काही विचारलं. झोप लागते का, मित्रमंडळी कोण. मी एकट्या ग्रॉन्याचं नाव सांगितलं. त्याने वही मिटली आणि म्हणाला, "शनिवारी जिथे जातेस त्या नेमबाजीच्या क्लबची माणसं, तीही धरायची." मला तेव्हा वाटलं, पोलिसाला खूश करण्यापुरतं हे ठीक आहे. ती माणसं माझी कोण?

बंदूक हातात आली तेव्हा शरद ऋतू निम्मा झाला होता. थोडेच शनिवार मिळाले. त्या शनिवारांत माझी एकही तबकडी फुटत नव्हती. उन्हाळ्यात उसन्या बंदुकीने फुटलेल्या, आता स्वतःच्या बंदुकीने नाही. कारण मधल्या काळात अण्णांनी मला फोनवर शिकवलं होतं. श्वास रोख. डावा डोळा झाक. हलू नको. मी ते तंतोतंत करत होते. तबकडी उडायची, मी एक डोळा मिटून तिच्यावर नेम धरायचे, पुतळ्यासारखी थांबायचे, चाप ओढायचे, आणि तबकडी केव्हाच पुढे गेलेली असायची. शिवाय गडबडीत मूठ अर्धवटच मागे ओढायचे, की रिकामं काडतूस आतच अडकायचं. दुसरी तबकडी डोक्यावरून निघून जायची आणि मी खाली वाकून खाटखूट करत बसायचे.

ग्रॉन्या शेवटी वैतागली. "तुला डोळा मिटायला कोणी सांगितलं?"

"वडिलांनी."

"ते तबकड्या मारतात?"

"बँक राखायचे."

"बरं. बँक उडून जात नाही. ही जाते. दोन्ही डोळे उघड. बंदुकीकडे बघू नको, तबकडीकडे बघ. तिच्या मागून ये, तिला ओलांड, मार आणि थांबू नको, हात चालूच ठेव. आणि ती मूठ अशी ओढ की तुटली पाहिजे. तुटत नाही ती."

मी दोन्ही डोळे उघडले. सगळं माळरान एकदम रुंद झालं. तबकडी डावीकडून आली, मी तिच्या मागे गेले, पुढे गेले, आणि ती फुटली. मूठ जोरात मागे, पुढे, खर्रर्र-खट, रिकामं काडतूस उजवीकडे गवतात, आणि दुसरीही फुटली. शेडजवळून चारपाच आवाज एकदम आले, "फुट्ली!" एक टोपीवाला म्हातारा तर तो शब्द पुढे कोणाचीही तबकडी फुटली की ओरडायला लागला.

मग पुन्हा सगळं बंद झालं. क्लबही. तो हिवाळा मी आजवर पाहिलेल्या हिवाळ्यांत सर्वांत लांब होता. वॉर्डात त्या जानेवारीत जे होतं त्याबद्दल मी इतरत्र लिहिलं आहे. इथे एवढंच की घरी आल्यावर मी कपडे बदलायचे, बंदूक काढायचे, रिकामी आहे हे डोळ्यांनी आणि बोटाने तपासायचे, आणि बैठकीच्या खोलीत उभी राहून भिंत आणि छत जिथे मिळतात त्या रेघेवरून नळी फिरवायचे. डावीकडून उजवीकडे. उजवीकडून डावीकडे. हा तिकडे शिकवतात तो सराव आहे. पण बाहेरून कोणी पाहिलं असतं तर रिकाम्या खोलीत रिकामी बंदूक घेऊन छताचे कोपरे न्याहाळणारी बाई दिसली असती. म्हणून पडदे ओढून घ्यायचे. सुट्टीच्या दिवशी दुपारी, म्हणजे साताऱ्यात रात्रीची जेवणं उरकल्यावर, मी फोन खिडकीत टेकवून ठेवायचे आणि अण्णा पलीकडून बघायचे.

"डावा डोळा झाकलास का?"

"झाकला."

आणि मी खरंच झाकायचे, त्यांच्यासाठी. फोन बंद झाला की उघडायचे. आई मागून म्हणायची, "पोरीला जेवू द्या." अण्णा म्हणायचे, "थांब गं, खांदा बरोबर बसत नाही तिचा." लहानपणी माझ्या अभ्यासाखेरीज कशातच त्यांनी इतकं लक्ष घातलं नव्हतं. ते रिटायर झाले होते, बाहेर पडायची बंदी होती, बँकेचं दार दुसरा कोणी राखत होता. आता मी त्यांच्या त्या वेळच्या वयाच्या पुढे गेले आहे, तेव्हा कळतं की त्या दुपारी फोनच्या दोन्ही बाजूंना एकेक एकटं माणूस होतं.

होळीच्या सुमारास एकदा मला ते खोटं नकोसं झालं. मी बंदूक खाली घेतली आणि म्हटलं, "अण्णा, मी मैदानावर दोन्ही डोळे उघडे ठेवते. एक झाकला की लागत नाही. हलायलाही लागतं."

ते हसायला लागले, आधी नाकातून, मग खोकत, डोळे पुसत. "व्हय गं, बरोबर असंल तुझं," ते म्हणाले. "मी उडती वस्तू कधी मारली? वर्षातून एकदा पुठ्ठ्यावर मारायचो, तो पण हलत नव्हता. बँकेत उडतं काय? कबुतरं!" मग म्हणाले, "दाखव मला. तुझ्या पद्धतीनं कर."

मी दोन्ही डोळे उघडे ठेवून छताच्या रेघेवरून नळी फिरवली. शेवटी ते म्हणाले, "मोकळी दिसतीस."

ते आमचं शेवटचं धड बोलणं. एप्रिलमध्ये त्यांना ताप आला. संदीप खाटेसाठी गावभर हिंडला. एका लहान हॉस्पिटलात जागा मिळाली. तो मला बोटाला लावायच्या यंत्राचे आकडे पाठवायचा आणि मी इकडून औषधं सांगायचे. जे आकडे मी दुसर्‍यांच्या घरच्यांना शांतपणे समजावून सांगत होते तेच आकडे मला बघवत नव्हते. विमानं कमी, वाटेत विलगीकरण. निघाले असते तरी पोचले नसते हे मला डॉक्टर म्हणून पहिल्याच दिवशी कळलं होतं, आणि मुलगी म्हणून मी रोज तिकिटं बघत होते. एका सकाळी संदीपचा फोन आला आणि तो काहीच बोलेना. मी म्हटलं, "आईजवळ बस. फोन ठेव." मी स्वयंपाकघरात जमिनीवर बसले. बाहेर कोणीतरी गवत कापत होतं. त्याचं काम होईपर्यंत मी तशीच बसून राहिले.

अण्णांना पालिकेची माणसं घेऊन गेली. संदीपलाही लांबूनच पाहावं लागलं. मी ग्रॉन्याला एवढंच कळवलं की वडील गेले, सोमवारी कामावर येते. तिचं उत्तर आलं नाही. मला त्याचं काही वाटलं नाही. काही वाटण्याच्या पलीकडे होते मी.

शनिवारी दुपारी तिचा मेसेज आला. "दारात ये जरा."

मी दार उघडलं. आमच्या वसाहतीच्या रस्त्याच्या दोन्ही बाजूंना माणसं उभी होती. एकमेकांपासून दोन दोन हात अंतर राखून, मास्क लावून, टोप्या हातात घेऊन. काळे कोट घातलेले. मला आधी कळलंच नाही कोण आहेत ते. टोपी काढलेला तो म्हातारा मला ओळखू आला नाही. मग दुकानदार दिसला, आणि तो गार्डा, साध्या कपड्यांत. ह्या सगळ्यांना मी मोजक्या शनिवारी भेटले होते आणि शरद ऋतूनंतर कोणाचं तोंडही पाहिलं नव्हतं. तिकडे त्या काळात अंत्ययात्रेला जाता येत नसे, म्हणून लोक असे रस्त्याच्या कडेला उभे राहायचे आणि शव नेणारी गाडी समोरून जायची. इथे जायला गाडी नव्हती. ते तरीही उभे होते.

म्हातार्‍याने लांबूनच विचारलं, "नाव काय त्यांचं?"

"बबनराव."

"बॉबनराव," तो हळू म्हणाला. ओळीत पुढच्याने म्हटलं, त्याच्या पुढच्याने म्हटलं. ते नाव रस्त्याच्या टोकापर्यंत गेलेलं मी ऐकलं.

ग्रॉन्या म्हणाली, "तुमच्यात काय म्हणतात ते आम्हाला माहीत नाही. आमचं म्हटलं तर चालेल?" मी मान हलवली. त्यांनी आपली प्रार्थना म्हटली, मास्कच्या आतून, सगळ्यांचा सूर पुढेमागे होत. पाऊस सुरू झाला, तिकडचा बारीक. कोणी हललं नाही. मग एकेकजण माझ्याकडे बघून, "तुझ्या दुःखात आम्ही आहोत," असं तिकडे म्हणायची जी रीत आहे तेवढंच म्हणून आपल्या गाडीकडे गेला. हातात हात कोणी दिला नाही. देता येत नव्हता.

मी आत येऊन आईला फोन लावला. सगळं सांगितलं. आई तोवर एकदाही रडली नव्हती. संदीप तिच्यामुळे घाबरला होता.

"कोण गं ती माणसं?"

"बंदुकीच्या क्लबातली."

"अण्णांना ओळखतात?"

"नाही."

"चहा दिलास का?"

"द्यायला बंदी आहे आई. घरात बोलवता येत नाही."

"मग उभेच होते?"

"उभेच. पावसात."

आई म्हणाली, "आपल्या दारात कोणी आलं नाही बघ. समोरच्यांनी खिडकी पण लावून घेतली. एवढी वर्षं बँकेत येणार्‍या-जाणार्‍या सगळ्या गावाला सलाम केला ह्यांनी. तुझ्या दारात तरी आले. ह्यांच्यासाठीच आले ना?"

"अण्णांसाठीच."

"नाव घेतलं ह्यांचं?"

"सगळ्यांनी घेतलं."

"मग बरं," आई म्हणाली आणि रडायला लागली. मी फोन कानाला धरून, ती रडायची थांबेपर्यंत, तिच्याबरोबर बसून राहिले.